डाव्या बाजूचे ओरखडे

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळे ब्रेकबाई म्हणतात. त्या गाडी चालवायला शिकवतात. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, आणि वर्षानुवर्षं तो दाबून बाईंचा उजवा पाय असा झालाय की कुणाच्याही गाडीत बसल्या तरी तो आपोआप खाली दाबला जातो. बसमध्येही. एकदा तर लिफ्टमध्ये दाबताना मी पाहिलंय. माझ्या नवऱ्याला, म्हणजे सख्ख्या धाकट्या दिराला, "तू अजून रस्त्यावर यायच्या लायकीचा नाहीस" असं सांगून त्यांनी नापास केलं होतं. तो बिचारा पुन्हा पुन्हा जायचा आणि तोंड पाडून घरी यायचा. सासूबाईंनी रदबदली करून पाहिली, पण उपयोग शून्य. नातं घरात, स्टेअरिंगवर सगळे सारखे, असं त्यांचं.

तोंडानं फटकळ. मनात आलं की ओठांवर आलंच. मीही काही गरीब गाय नाही, त्यामुळे आमच्या घरात दोन स्वयंपाकघरं असती तर बरं झालं असतं, असं दोघींचे नवरे अधूनमधून म्हणतात. पण एका बाबतीत आमची जोडी एकदम जमते. जुनी, वापरलेली वस्तू घ्यायची असली की आम्ही दोघींनीच जायचं. बाई त्या वस्तूतल्या खोडी काढणार, मोठ्यानं, विकणाऱ्याच्या तोंडावर. तो पुरेसा ओशाळला की मी सुस्कारा सोडून म्हणायचं, "जाऊ द्या हो जाऊबाई, आपण दुसरी बघू." की समोरचा नरमलाच. फ्रिज असाच घेतला, शिलाई मशीन असंच घेतलं. मशीनवाली बाई तर शेवटी आम्हालाच सॉरी म्हणाली होती. घरी येऊन आम्ही त्यावर पोट धरून हसलो होतो. आता आठवलं की हसू येत नाही.

तर यंदा गाडी घ्यायची ठरली. आमचं घर चढावर. शेवटचा तुकडा नुसत्या मातीचा, ओला झाला की साधी गाडी तिथं चाकं गरगर फिरवत एका जागी रडत राहते. सासूबाईंचे गुडघे गेले. मागच्या वेळी त्यांना दवाखान्यातून आणलं तेव्हा दोघा भावांनी खुर्चीत बसवून वर उचलून नेलं, आणि त्या लाजेनं डोळे मिटून बसल्या होत्या. त्या दिवशीच ब्रेकबाईंनी ठरवलं. चारही चाकांना जोर असलेली, मागं तिसरी सीट असलेली, सगळं घर मावेल अशी गाडी हवी. नवी आमच्या आवाक्यात नाही, तेव्हा जुनीच बघायची. पण धडधाकट.

बघायला लागलो, तशी बाईंच्या तोंडाला धार चढली. एकाच्या दारात पोचताच त्यांनी आधी बॉनेटवर तळवा ठेवला. "गरम कशी? आम्ही यायच्या आत तापवून ठेवलीत होय? थंड असताना सुरू होताना खोकते वाटतं!" तो माणूस गोरामोरा झाला. दुसऱ्याकडे पुढचे दोन टायर नवे कोरे आणि मागचे झिजलेले. "अहो, चारही चाकं एकत्र ओढतात ही. एका पायात नवा बूट आणि एका पायात झिजलेली सपाता घालून डोंगर चढाल तुम्ही? आतली दातेरी चाकं घासून गेली असणार." तिसऱ्याच्या गाडीत शिरल्या आणि नाक धरूनच बाहेर आल्या, पायाखालच्या गालिच्याला कुबट वास येत होता. "बुडून आलीय ही कुठूनतरी." मी आपला सुस्कारा तयार ठेवायचे, पण तोवर वेळच येत नव्हती. एकही गाडी त्यांना घ्यावीशी वाटेना.

मग एका शनिवारी आम्ही त्या घरी गेलो.

जाहिरात सुनेनं दिली होती. फोनवर म्हणाली, गाडी मोठी पडते, आता लहान पुरेल. गेलो तर कुंपणापाशी गाडी धुऊनपुसून उभी, आणि शेजारी सासरे किल्ली हातात घेऊन उभे. इस्त्रीचा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली. जमीनमोजणी खात्यात जन्म गेलेला, म्हणून आम्ही त्यांना तेव्हापासून मोजणीसाहेबच म्हणतो. ही गाडी त्यांनी स्वतः घेतलेली, स्वतः जपलेली. मागच्या सीटा पाडून त्यात मोजणीचे बांबू आणि साखळ्या घालून ते डोंगरात हिंडायचे. निवृत्त झाल्यापासून तीच गाडी दोन नातींना रोज शाळेत सोडायची. नाती पायरीवर बसल्या होत्या, थोरली काहीतरी वाचत, धाकटी नुसती बघत.

"काका, थंड आहे ना?" बाईंनी बॉनेटला हात लावत विचारलं.

"सकाळपासून हात लावलेला नाही. तुम्हीच सुरू करा," साहेब म्हणाले. अभिमानानं म्हणाले. आपली लेक पाहुण्यांना दाखवावी तसे ते त्या गाडीपाशी उभे होते.

गाडी एका किल्लीत सुरू झाली. बाई खाली सतरंजी टाकून आडव्या झाल्या, टॉर्चनं पोट बघितलं, गंज नाही. तेल बघितलं, स्वच्छ. टायर चारही सारखे झिजलेले. मग समोरच्या मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवली. अशा गाडीच्या आत काही अडकत असलं तर ती त्या वळणावर अंग आखडते, गचके देते. ही लोण्यासारखी फिरली. चढावर चारही चाकांना जोर देणारा तो आखूड दांडा टाकला, तोही खट्कन बसला. बाई उतरल्या तेव्हा मला त्यांच्या चेहऱ्यावर कळलं, हीच गाडी. सासूबाई आत बसलेल्यासुद्धा दिसल्या असतील त्यांना.

पण गाडी आवडली म्हणून काय झालं, खोड तर काढायलाच हवी! नाहीतर भाव कसा पडणार? इंजिनात सापडेना, पोटात सापडेना, म्हणून त्या पत्र्याकडे वळल्या. उजवी बाजू बघितली. आरसा. पत्र्यात तोंड दिसेल असा. मग डावीकडे गेल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"या, या, सगळे इकडे या," त्या वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. "हे बघा. डावा आरसा चिकटवलेला. डाव्या दोन्ही चाकांच्या कडा खरवडलेल्या. मागच्या दारावर लांब ओरखडा, वर रंग फासलाय. बंपरचा डावा कोपरा दबलेला. मागचा डावा दिवा नवा. आणि उजवीकडे? टिकलीएवढा डाग नाही. ज्यानं ही चालवलीय ना, त्याला डावीकडचं दिसत नाही. मी सांगते ना! कमी दिसतं असं नाही, दिसतच नाही. असा कुणी माझ्याकडे शिकायला आला तर डोळे तपासल्याशिवाय त्याला मी स्टेअरिंगला हात लावू देणार नाही. रस्त्यावर मरण घेऊन फिरणं आहे हे. कोण चालवायचं हो ही?"

सून जमिनीकडे बघायला लागली. पायरीवरची धाकटी म्हणाली, "आजोबा."

आणि मी? मला सांगायलाही लाज वाटते. समोरच्याचा चेहरा पडलेला दिसला आणि सवयीनं माझ्या तोंडातून सुस्कारा सुटला. "जाऊ द्या हो जाऊबाई, आपण दुसरी बघू."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ब्रेकबाईंचा हात अजून त्या ओरखड्यावरच होता. तो त्यांनी पोळल्यासारखा मागं घेतला.

साहेब हळूहळू डावीकडे आले. दारावरून बोटं फिरवत गेले, कोपऱ्यापर्यंत, परत आरशापर्यंत. "हे गेटचं असेल असं वाटलं होतं मला," ते म्हणाले. "आणि हा आरसा... शेजारच्यांनी पाडला असं तू म्हणाली होतीस ना, सूनबाई?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणून विकताय?" साहेबांनी विचारलं.

"बाबा, तेल फार खाते म्हणून..."

"तेलाचं राहू दे." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. ते ब्रेकबाईंकडे वळले. "तुम्ही शिकवता म्हणालात. मग माझी परीक्षा घ्या. आत्ताच्या आत्ता. तुम्ही जे म्हणाल ते मी ऐकेन."

नाही म्हणायला आमच्याकडे तोंड होतं का? बाई पुढं डावीकडे बसल्या, मी मागं. साहेबांनी पट्टा लावला, आरसे बघितले, आणि गाडी अशी अलगद निघाली की मला क्षणभर वाटलं, बाईंचंच चुकलं. गिअर टाकताना आवाज नाही, वळताना घाई नाही. हात देखणा. पण गाडी हळूहळू डावीकडे सरकायची. बाजारच्या रस्त्याला डाव्या कडेनं एक बाई सायकल हातात धरून चालली होती, हँडलला पिशव्या. साहेब सरळ समोर बघत, आम्हाला कुठल्याशा डोंगराची मोजणी सांगत होते. ब्रेकबाईंचा पाय जमिनीवर दाबला गेला, पुन्हा दाबला गेला, आणि तिथं ब्रेक नव्हता. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा मागच्या काचेतून ती बाई दिसली, सायकल नाल्यात टाकून कठड्याला चिकटलेली. पिशवीतला भाजीपाला रस्त्यावर. साहेबांची गोष्ट चालूच होती.

परत आलो. दोन्ही नाती आणि सून फाटकात उभ्या. साहेबांनी गाडी बंद केली, शर्टाची कॉलर सारखी केली आणि काच खाली करून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "बोला बाई. पास की नापास?"

सख्ख्या दिराला नापास करणारी बाई ही! मी म्हटलं, आता सांगतील. सांगायलाच हवं.

ब्रेकबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्या पोरींकडे बघितलं. "पास," त्या म्हणाल्या. "हात फार छान आहे तुमचा, काका. डावा आरसा तेवढा जरा बघत जा."

साहेब हसले. असे हसले की त्यांचं वयच उतरलं. "ऐकलंत ना? मग गाडी विकायची कशाला? सूनबाई, जाहिरात काढून टाक. सोमवारपासून मीच सोडतो यांना." पोरींनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला चहा घ्यायचा आग्रह झाला. आम्ही कशाबशा निसटलो.

सून कोपऱ्यापर्यंत मागं आली. रागावली नाही, हात जोडल्यासारखे करून म्हणाली, "ताई, हे काय केलंत तुम्ही? मध्यंतरी एकदा चक्कर येऊन पडले होते, तेव्हापासून हे असं आहे. आमच्यातल्या कुणाची सांगायची हिंमत नाही. म्हणून विकायचं निमित्त काढलं, किती मिनतवारीनं ते तयार झाले होते. आता तुम्हीच पास केलंत म्हटल्यावर आमचं कोण ऐकणार?"

बाई माझ्यापुढं भराभर चालत सुटल्या. मला राहवेचना.

"खरं बोलायचं तेव्हा तुम्हाला जीभ आवरली नाही," मी म्हटलं, "आणि नको तिथं एवढा गोडवा कुठून आला हो? माझ्या नवऱ्याला रडवलंत तेव्हा कुठं गेला होता?"

"अगं, त्या पोरींसमोर मी त्या माणसाचं काय करून ठेवलं, बघितलंस ना? त्यांचा चेहरा बघवेना मला. भाव पाडायला बोलले गं मी ते, नुसता भाव पाडायला. भरून काढावं म्हटलं."

"आणि भरून काढायला त्याच पोरींना त्या गाडीत बसवलंत."

बाई रस्त्यात थांबल्या. मला वाटलं, आता भांडणार. त्यांनी तोंडावर पदर धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. मला माझ्याही बोलण्याची लाज वाटली, आणि त्या सुस्काऱ्याची तर अजून वाटते.

घरी सासूबाईंनी विचारलं, "मिळाली का गं गाडी?" तर बाई म्हणाल्या, "नाही. आमची लायकी नाही." जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रविवार, त्यांनी सुनेला फोन लावून पाहिला, तिनं उचलला नाही. का उचलावा? संध्याकाळी मला म्हणाल्या, "उद्या शाळेच्या आधी जाऊ. त्यांच्या तोंडावर सांगते. तू चल बरोबर. सुस्कारा मात्र सोडू नकोस." विनोद करायचा प्रयत्न होता तो.

सोमवारी पोचलो तेव्हा गाडी कुंपणाबाहेर, रस्त्यावर, चालूच होती. साहेब स्टेअरिंगवर. पोरी मागं, पट्टे लावून, दप्तरं मांडीवर. सून फाटकात ओठ आवळून उभी. मी तिच्यापाशी थांबले. बाई पुढं गेल्या आणि डावीकडच्या पुढच्या दाराशी, काचेला अगदी लागून उभ्या राहिल्या. काय बोलायचं ते त्यांनी वाटेत दहादा घोकलं होतं. काका, मी खोटं बोलले, असं सुरू करायचं ठरलं होतं.

साहेबांनी वर बघितलंच नाही. त्यांनी आरसा सारखा केला. घड्याळ बघितलं. गुणगुणत होते काहीतरी. बाईंनी हात किंचित वर केला. साहेबांनी गिअर टाकला.

"आजोबा, त्या बाई आल्यात," थोरली म्हणाली.

"कुठल्या बाई?" साहेबांनी मान उजवीकडे वळवली, फाटकाकडे. मला बघितलं, सुनेला बघितलं. "या होय! या, या. त्या दुसऱ्या बाई नाही आल्या?"

धाकटी खिदळली. तिला वाटलं, आजोबा मुद्दाम गंमत करतायत. "आजोबा, त्या बघा ना, इथंच तर आहेत!"

"कुठं? कुणी नाही गं इथं."

थोरली हसली नाही. ती आजोबांच्या मानेकडे बघत राहिली. मग ब्रेकबाईंनी काचेवर बोटानं टकटक केलं. साहेब दचकले आणि अख्खं अंग वळवून, पाठ दाराला लागेपर्यंत वळवून, त्यांनी डावीकडे बघितलं. बाईंचा चेहरा त्यांच्या समोर, मध्ये फक्त काच.

"तुम्ही... केव्हा आलात?"

"केव्हाची इथंच उभी आहे, काका."

साहेबांनी काच खाली केली. पुन्हा सरळ बसले. मग पुन्हा अंग वळवून बाईंकडे बघितलं, आणि पुन्हा सरळ बसले. असं त्यांनी तीन-चारदा केलं. मोजणीचा बांबू कुठं दिसतो आणि कुठं दिसेनासा होतो ते तपासत असावेत तसं. मग त्यांनी किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं.

"मी शनिवारी खोटं बोलले," बाई म्हणाल्या. "आधी भाव पाडायला बोलले आणि मग स्वतःची लाज झाकायला बोलले. तुम्ही नापास होतात, काका. त्या बाईची सायकल आपण नाल्यात घातली. तुम्हाला ती दिसलीच नाही. मला माफ करा."

साहेबांनी किल्ली काढून मांडीवर ठेवली. रागावतील असं वाटलं. रागावले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "तेव्हाच सांगायचं होतं ना बाई. मी काल यांना घाटातून वर नेऊन आणलं. पास झालो म्हणून. आइस्क्रीम खायला."

सून फाटक सोडून पुढं आली. घाटाचं तिलाही माहीत नव्हतं.

साहेबांनी मागं न बघता विचारलं, "थोरले, वर जाताना दरी कुठल्या हाताला होती गं?"

"डाव्या," ती म्हणाली.

"केवढी खोल होती आजोबा!" धाकटी मध्येच म्हणाली. "मी दाखवत होते, तरी तुम्ही बघितलीच नाही."

ब्रेकबाईंनी दाराची कडी घट्ट धरली होती. त्यांचा पाय रस्त्यावर दाबला जात होता, पुन्हा पुन्हा, आणि त्यांना ते कळतही नव्हतं. सून धावत आली, मागचं दार उघडून दोघींना ओढून बाहेर काढलं आणि तिथंच रस्त्यावर त्यांना पोटाशी धरून उभी राहिली. साहेब आत एकटेच बसले होते, दोन्ही हात स्टेअरिंगवर. आमच्यापैकी कुणालाही मान वर करून कुणाकडे बघता येईना.